वेगळ्या ठेवलेल्या परीक्षानळ्या

मला संशय घ्यायला फार काही लागत नाही. एसटीत शेजारच्या बाईने पदर आवरला, की माझं डोकं सुरू होतं. गर्दी आहे म्हणून आवरला, की मघाशी माझं आडनाव कानावर पडलं म्हणून? आई म्हणायची, "अगं, बाई उतराय लागली आसंल." बहुतेक वेळा ती उतरायलाच लागलेली असायची. सगळ्याच वेळी नाही, आणि त्या उरलेल्या वेळांनीच माझा स्वभाव घडवला.

माझे वडील आण्णासो कांबळे गारगोटीजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांचा संशयाला विरोध नव्हता, फक्त तो लेखी हवा होता. रेशन दुकानदारापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत त्यांनी सगळ्यांना अर्ज केलेले, आणि प्रत्येक अर्जाची नक्कल पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. "तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातंय," ते म्हणायचे. "लिहून द्यायचं. तारीख घालायची. पोच घ्यायची." मला धड सही करता येत नव्हती तेव्हापासून 'महोदय' लिहिता येत होतं.

१९९८ च्या जूनमध्ये मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले. विषय बायोकेमिस्ट्री. आमच्या विभागात पहिल्या वर्षी वर आलेल्या दोघांना वर्षभराचा संशोधन प्रकल्प मिळायचा, बाकीच्यांना नेहमीची प्रॅक्टिकलं. त्या वर्षी ते दोघे म्हणजे मैथिली जोगळेकर आणि मी. मार्गदर्शक आणि विभागप्रमुख एकच, डॉ. माधव देशिंगकर. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की जानेवारीअखेर दोघींचे आकडे बघून ते एकीचंच नाव पुण्याच्या एका संशोधन संस्थेला कळवणार. तिथे शिष्यवृत्ती, पुढे पीएच.डी. दुसरीने काय करायचं ते सर बोलले नाहीत. मला माहीत होतं. दुसरी मी ठरले, तर बी.एड. करून गारगोटीला परत. मैथिलीला आणखी दहा वाटा होत्या. मला पुण्याला जायचं होतं, आणि ते मला इतकं हवं होतं की रात्री झोपेत दात खायचे, असं होस्टेलमधली मुलगी सांगायची.

आमचा विषय उसाचा रस. रस नुसता ठेवला की काळा पडतो. तसाच गूळही काळपट होतो, आणि काळपट गुळाकडे बाजारात कोणी बघत नाही. हे काळं करण्याचं काम उसातलंच एक एन्झाइम करतं. ते किती जोरात चाललंय हे मोजायचं, आणि ते कशाने आवरतं ते शोधायचं. मैथिलीकडे उसाचा एक वाण, माझ्याकडे दुसरा. उचगावच्या मळ्यातून ऊस आणायचा, बर्फात ठेवून रस काढायचा, परीक्षानळीत थोडा रस, आंबटपणा कायम ठेवणारा बफर आणि एक रसायन घालायचं, आणि रंग मोजणाऱ्या कलरीमीटरपुढे बसायचं. नळीतला रंग चढेल तसा काटा सरकतो. मैथिलीचा काटा सरसर सरकायचा. माझा जागचा हलायचा नाही.

"तुझ्या वाणातच एन्झाइम कमी असेल," सर म्हणाले.

मी मान हलवली आणि उसाचं एक कांडं होस्टेलवर नेलं. स्टीलच्या पेल्यात रस पिळला आणि समोर बसून राहिले. दहा मिनिटांत रस काळा ठिक्कर. म्हणजे एन्झाइम होतं, चांगलं जिवंत होतं. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली आलं की मात्र मरत होतं. आता एन्झाइमला काही माझं आडनाव कळत नाही. मग ज्याला कळतं असा कोण, हे मी शोधायला लागले.

पहिला संशय मैथिलीवर. तो घ्यायला कष्टच पडले नाहीत. ती गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्या माणसाला मी आधी तपासते. "दीक्षा, अगं, बफर पुन्हा करून बघतेस का?" असं ती म्हणाली, की मी बफर फेकून नवा करायची आणि तिने जुन्यात काय घातलं असेल याचा विचार करत बसायची. वहीच्या मागच्या पानावर मी नोंदी ठेवल्या. मैथिली कधी आली, फ्रीज किती वेळा उघडला, माझ्या टेबलाजवळून कितीदा गेली. एकदा ती नुसती शिंकली, तेही मी लिहून ठेवलं. रसाच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर आडवी सही केली. दुसऱ्या दिवशी सही जशीच्या तशी होती, आणि काटा पुन्हा मेलेला.

ऑगस्टमध्ये मला तो ट्रे दिसला.

विभागातली काचेची भांडी गणपतराव चंदगडकर धुवायचे. प्रयोगशाळेचे परिचर, पन्नाशीच्या पुढचे, विभागात सत्तावीस वर्षं. कपाळाला गंध, दर रविवारी जोतिबाला जाऊन आलेले, त्यामुळे सोमवारी कानामागे गुलाल राहिलेला. खाकी शर्टाला ॲसिडाची बारीक भोकं. मैथिलीला ते मैथिलीताई म्हणायचे आणि तिच्याशी घरादाराच्या गप्पा मारायचे. मला कांबळेबाई म्हणायचे, तेही भिंतीकडे बघत. कामापलीकडे एक शब्द नाही. सगळ्यांची धुतलेली भांडी खिडकीखालच्या मोठ्या लाकडी रॅकवर एकत्र वाळत असायची. माझी तिथे नव्हती. माझ्या नळ्या, माझे पिपेट, माझे दोन बीकर सिंकच्या खालच्या फळीवर एका पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये वेगळे ठेवलेले होते. वर फडकं झाकलेलं. ट्रेच्या कडेला निळा दोरा बांधलेला, चुकून कुणी उचलू नये म्हणून.

मी तिथेच फरशीवर उकिडवी बसले. माझ्या आजीला लोकांच्या दारात पाणी ओंजळीत वरून ओतून मिळायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला वाटायचं ते आजीबरोबर संपलं. माझ्या मनात आधी आला तो राग नव्हता, आली ती लाज होती. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. ट्रे उचलला, काम केलं, ट्रे जागेवर ठेवला. दिवाळीपर्यंत मी ते रोज केलं, आणि रोज वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत दादांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "भांडी येगळी ठेवणं एक गोष्ट. प्रयोग बिघडवणं दुसरी. दुसरीचा पुरावा हाय काय तुझ्याजवळ?"

"न्हाय."

"मग आधी त्यो काढ. मग अर्ज कर. पुराव्याबिगर केलास तर उद्या आपल्या दुसऱ्या पोरीचा खरा अर्ज कुणी वाचायचा न्हाय."

पुरावा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. मैथिली जेवायला गेली असताना मी तिच्या टेबलावरच्या स्टँडमधून तीन नळ्या चोरल्या. हो, चोरल्या. रस माझा, रसायन माझं, बफर माझा, नळ्या फक्त तिच्या. काटा सरकला. इतका सरकला की मी कलरीमीटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा सरकला. मग माझ्या ट्रेमधल्या तीन नळ्या घेतल्या. काटा मेलेला. दोन्हीकडे एकच रस, एकाच मिनिटाला घातलेला.

मला नाचावंसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी मी नळ्या खाली ठेवल्या. दोष नळ्यांमध्येच होता. नळ्या एकच माणूस धुवत होता. तोच त्या वेगळ्या ठेवत होता. दोन संशय होते, त्यांचा माणूस एकच निघाला.

मैथिलीच्या नळ्या कशा धुतल्या जातात ते मी नुसतं विचारायला हवं होतं. शास्त्र शिकलेल्या माणसाने तेच केलं असतं. मी मात्र सहा महिने तुंबून राहिले होते. होस्टेलवर गेले आणि एका बैठकीत अर्ज लिहिला. विषय: जातीय भेदभाव करून संशोधनात अडथळा आणल्याबाबत. माझी भांडी अस्पृश्य मानून वेगळी ठेवली जातात, त्यांत हेतुपुरस्सर काही मिसळलं जातं, श्री. गणपतराव चंदगडकर यांच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी. कलमंसुद्धा घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देशिंगकर सरांच्या हातात दिला. सरांनी विषय वाचला आणि त्यांचे कान लाल झाले.

"उद्या अकरा वाजता बसू. तोपर्यंत कुठे बोलू नकोस," ते म्हणाले.

मी नक्कल पुढे केली. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यावर सही केली. मी पोच घेतली.

रात्रभर एकच विचार. रंगेहात धरायचं. गणपतराव सकाळी लवकर येतात एवढं माहीत होतं. साडेसातला मी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी होते. दार अर्धवट उघडं. आत गणपतराव पाठमोरे, हातांत लांब रबरी मोजे. पुढ्यात क्रोमिक ॲसिडची चिनीमातीची बरणी, त्यातलं नारिंगी-तांबडं पाणी ओळखायला मला वास घ्यायची गरज नव्हती. काच स्वच्छ करायला ते वापरतात, पण जपून. ते माझी एक-एक नळी त्यातून काढत होते, उजेडाकडे धरून बघत होते आणि पुन्हा बुडवत होते. बाकीच्यांची भांडी बाजूला साबणाच्या पाण्यात भिजत घातलेली.

मी आत शिरले. "काय घालताय माझ्या नळ्यांत?"

ते दचकले, पण नळी हातातून सुटू दिली नाही. मी प्रयोगशाळेत शुद्ध बोलायची. त्या सकाळी ते राहिलं नाही. "बोला की! पाच म्हयनं झालं बघतोय मी. येगळा ट्रे, येगळं फडकं. विटाळ हुतोय व्हय माझा? आनि वर त्यात इष कालवताय? लाज वाटत न्हाय?"

गणपतरावांनी नळी स्टँडवर ठेवली. मोजे काढले. मला वाटलं अंगावर येतात. ते दाराकडे गेले, दार लावून घेतलं आणि वळले.

"हळू बोल, बाळ," ते म्हणाले. मग छातीशी हात जोडून, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात, "जय भीम."

मला वाटलं थट्टा करतायत. मी तसं म्हणणारही होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"चंदगडकडचा हाय मी," ते म्हणाले. "एकाहत्तर साली हितं लागलो. उचगावात खोली बघाय गेलतो. म्हातारी दारात बसलेली. 'पावणं, कुणापैकी?' म्हणाली. मी गप. तिचीच ती म्हणाली, 'पाटलापैकी दिसतोस.' मी मान हलवली. एकदा हलवली, ती सत्तावीस वरसं हलवतोय. आडनाव गावाचं लावलं. जोतिबाला जातोय, गंध लावतोय. शेजारच्या घरात माझी बायकू बायडाबाई गौरीच्या सणाला सवाष्ण म्हनून जेवती. कळलं तर ती काय एका दिवसाची गोष्ट ऱ्हायची न्हाय. मागची सगळी जेवणं काढतील तिची."

गणपतराव आता नाहीत. बायडाबाई उचगावचं घर विकून मुलाकडे गेल्या आहेत, आणि नावं मी बदलली आहेत. नाहीतर हे लिहिलं नसतं.

"मग माझीच भांडी का?" मी विचारलं.

"तूच पैली, बाळ. आपल्यातली पैली पोरगी ह्या खोलीत संशोधन कराय आली. यादीत तुझं नाव वाचलं त्या दिवशी मी घरी जाऊन बायडाबाईला सांगितलं. बाकीच्यांची भांडी साबणानं इसळतो. तुझ्या भांड्यास्नी कुणी नाव ठेवाय नगो. रोज दोनदा ॲसिडात बुडवतो. मग नळाचं पाणी लावत न्हाय, खारं असतंय, डाग पडत्यात. बाटलीतलं डिस्टिल्ड असतंय त्येच्या दोन धारा मारतो. येगळी ठेवतो, दुसऱ्याची घाण लागाय नगो म्हनून." त्यांनी नळी उजेडात धरली. "बघ की. अशी काच कुणाची हाय?"

काच लख्ख होती. मी ती हातात घेतली आणि मला सगळं समजलं. क्रोमिक ॲसिडातून काढलेलं भांडं दहा-पंधरा वेळा भरपूर पाण्याने धुवावं लागतं. नाहीतर क्रोमियम काचेला चिकटून राहतं, डोळ्याला दिसत नाही आणि एन्झाइमला सोडत नाही. दोन धारांनी त्याला काही होत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मी वाचलं होतं, त्याच्यावर मार्कही मिळवले होते. संशय घेण्यात गुंतले होते, म्हणून आठवलं नाही.

मी त्यांना ते सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "तुझं काम मीच मारत हुतो?"

मी हातातली नळी स्टँडवर ठेवली. मग बाकीचंही सांगितलं. अर्ज, कलमं, पोच, अकरा वाजता. गणपतराव स्टुलावर बसले. मी त्यांना प्रयोगशाळेत बसलेलं पहिल्यांदा बघत होते.

"मी अर्ज मागं घेतो," मी म्हणाले. "सांगतो, मीच तुम्हाला ट्रे येगळा ठेवाय सांगितला हुता."

"व्हय," ते म्हणाले. "तसंच सांग." पण ते माझ्याकडे बघत नव्हते. भांडी तशीच टाकून खिडकीबाहेर बघत होते.

अकराला सरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. सरांनी मैथिलीलाही साक्षीला बोलावलं होतं. ती माझ्याशेजारी खुर्चीवर, गणपतराव दाराशी उभे. सरांच्या समोर माझा अर्ज, त्यावर पेपरवेट.

सर बोलायच्या आत मीच सुरुवात केली. "सर, माझा गैरसमज झाला होता. ट्रे वेगळा ठेवायला मीच सांगितलं होतं. प्रयोग बिघडला तो ॲसिड राहिल्यामुळे. चूक माझी आहे. मी अर्ज मागे घेते."

सरांनी चष्मा काढला. "दीक्षा, काल संध्याकाळी तू दोन पानं लिहून दिलीस. कलमांसकट. आज सकाळी गैरसमज? तुला कुणी धमकावलं का?"

"नाही, सर."

"तू साडेसातला इथे होतीस, वॉचमनने सांगितलं. दार आतून लावलेलं होतं." त्यांनी गणपतरावांकडे बघितलं. "काय बोललात हिला?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघत आले, ती नजर सरांच्या चेहऱ्यावर होती. ते माझ्या बाजूने संशय घेत होते आणि मला तो परतवता येत नव्हता.

"मैथिली, तू ट्रे बघितला होतास?" सरांनी विचारलं.

मैथिली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "हो, सर. जुलैपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं..." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, जुनी माणसं असतात तशी. गणपतराव वाईट नाहीत, सर. सवय असते."

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या रसात तिने कधीच काही घातलं नव्हतं. वहीची मागची पानं भरून मी जे लिहिलं ते सगळं खोटं होतं. आणि ट्रे तिला दिसत होता, त्याचा अर्थ मला वाटत होता तोच तिलाही वाटत होता, तरी ती सहा महिने शेजारी बसून माझ्याशी बफरवर बोलत होती. तिचा राग मला त्या क्षणी जेवढा आला तेवढा कधीच आला नव्हता.

"सर," मी म्हणाले, "खरंच तसं नाहीये. गणपतराव तसे—"

"पोरगी मला वाचवाय बघतीय," गणपतराव दारातून म्हणाले.

सगळे वळले. ते ताठ उभे होते, हात दोन्ही बाजूला.

"मीच ठेवत हुतो, सायेब. येगळी. मनानं. आमच्या घरात जुनं वळण हाय. हात लावू वाटत नसे. म्हनून ॲसिडात बुडवायचो, दोनदा. तिनं अर्जात लिवलंय ते खरं हाय. चुकलं माझं."

मी खुर्चीतून अर्धी उठले. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती, दटावणी होती. दादा दटावतात तशी, पाहुण्यांसमोर, डोळ्यांनीच. खरं बोलले असते तर त्यांची नोकरी वाचली असती आणि बाकी सगळं गेलं असतं. जो विटाळ त्यांच्या वाटणीला आला असता, तो त्यांनी मला दिल्याचं कबूल केलं. मी खाली बसले. मी गप्प बसले, हे मी सांगून टाकते. त्यांच्यासाठी बसले असं अनेक वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

मला वाटलं आता सर भडकतील. पोलिसांना, प्राचार्यांना फोन जाईल. सरांनी सुस्कारा सोडला. मला तो सुटकेचा वाटला. केबिनमधली हवाच सैल झाली.

"गणपतराव, अहो, जमाना कुठला आणि तुम्ही कुठे?" सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा आपलेपणाच जास्त होता. "असो. माणसाच्या हाडीमाशी असतं एकेक. मनाने सरळ आहात, कबूल केलंत, हे मोठं आहे. लेखी माफी द्या. दीक्षा, तू मोठ्या मनाची मुलगी आहेस. सत्तावीस वर्षं नोकरी झालीय त्यांची. ताणू नकोस."

माफी तिथल्या तिथे लिहून झाली. सरांनी मजकूर सांगितला, गणपतरावांनी वळणदार अक्षरात लिहिला, आणि उभ्याने वाचून दाखवला. 'जातीच्या भावनेतून' हे शब्द वाचताना त्यांचा आवाज हलला नाही. खाली सरांनी मला एक ओळ लिहायला सांगितली. मी, दीक्षा आण्णासो कांबळे, श्री. गणपतराव चंदगडकर यांना माफ करत असून माझी तक्रार उरलेली नाही.

मी पेन उचलत नव्हते. सर पुढे वाकले.

"आणि हे बघ, पुण्याला नाव कळवायचंय ना, तुझंच कळवतो. हे मिटलं की आजच पत्र जाईल. मैथिलीचीही हरकत नाही. काय गं?"

मैथिलीने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, कशाने ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी माझ्या वहीत एकही धड आकडा नव्हता. फेब्रुवारीत साबणाने धुतलेल्या नळ्यांत मी तेच प्रयोग केले आणि मैथिलीपेक्षा चांगले आकडे काढले, पण पत्र जानेवारीतच गेलं होतं. सरांनी माझ्यात काही बघितलं म्हणून गेलं, की माझ्या दोन पानांना घाबरून? पुढे मी पुण्याला सहा वर्षं काम केलं, नावापुढे डॉक्टर लागलं. ती शंका काही गेली नाही. विचारायला सर उरले नाहीत, आणि असते तरी त्यांच्या उत्तरावर माझा विश्वास बसला नसता.

मी ओळ लिहिली. सही केली. तारीख घातली. सवयीने नक्कल मागणार होते, मागितली नाही.

गणपतरावांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आमच्यातला माणूस, वाकून म्हणाला, "चुकलं, बाईसाहेब."

"झालं! मिटलं," सर म्हणाले. ते खूश झाले होते. "आता गणपतराव, सगळ्यांना चहा आणा. तुमच्या हातानं. पहिला कप दीक्षाला. सगळ्यांना सारखेच कप, काय?"

गणपतराव चहा घेऊन आले. कप चार. पहिला त्यांनी माझ्यासमोर धरला. त्यांची बोटं ॲसिडाने पिवळी पडलेली. मला बसून तो घेता येईना. मी उभी राहिले आणि दोन्ही हातांनी कप घेतला.

"अगं, बस, बस," सर हसून म्हणाले. "उठतेस कशाला? शिपाई आहे तो."

मी उभ्यानेच चहा संपवला.